इलेक्ट्रॉन सुटला की पळवला?

हायड्रोजनच्या अणूजवळून एक वेगवान प्रोटॉन गेला आणि मागे नुसतं केंद्रक उरलं. त्या केंद्रकाकडे बघून नेमकं काय घडलं ते सांगता येईल का? नाही. इलेक्ट्रॉन मोकळा होऊन स्वतःच्या वाटेने गेला असेल, किंवा प्रोटॉननेच त्याला आपल्याबरोबर नेलं असेल. पहिल्या घटनेला आयनीभवन म्हणतात, दुसरीला इलेक्ट्रॉन-ग्रहण किंवा भार-विनिमय. अणूच्या खात्यात दोन्ही वेळा नोंद एकच, ‘एक इलेक्ट्रॉन वजा’. गल्लत होते ती इथेच. (किरणोत्सर्गात केंद्रक आपल्याच अणूतला इलेक्ट्रॉन गिळतं, त्यालाही इलेक्ट्रॉन-ग्रहण म्हणतात. नाव तेच असलं तरी तो विषय अगदी वेगळा.)

प्रयोगशाळेत हा गुंता सोडवायची जुनी युक्ती साधी आहे. वायूतून प्रोटॉनची शलाका सोडायची, दोन्ही बाजूंना विद्युतभारित पट्ट्या ठेवायच्या, एकीवर मागे उरलेली केंद्रकं, म्हणजे मंद धन आयन, मोजायचे आणि दुसरीवर मोकळे इलेक्ट्रॉन. आयनीभवनात दोन्ही मिळतात. ग्रहणात आयन मिळतो, पण इलेक्ट्रॉन प्रोटॉनबरोबर निघून गेलेला असतो. म्हणजे आयनांच्या संख्येतून इलेक्ट्रॉनांची संख्या वजा केली की ग्रहण किती झालं ते हाती येतं.

पण दोन्ही घटनांचा स्वभाव खरा वेगळा पडतो तो वेगामुळे. अणूतून सुटायला हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) लागतात. तेवढे मिळाले की तो मोकळा, मग कुठेही जावो. ग्रहणाची अट जास्त कडक आहे: इलेक्ट्रॉनला प्रोटॉनच्या वेगाशी वेग जुळवावा लागतो, धावत्या गाडीत चढणाऱ्यासारखा. २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन सेकंदाला सुमारे २,२०० किलोमीटर जातो आणि हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा स्वतःचा वेगही साधारण तेवढाच असतो. त्यामुळे या ऊर्जेला ग्रहण सहज होतं, आणि आयनीभवनापेक्षा बरंच जास्त होतं. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला वेग दुप्पट होतो, सोबत धावायला इलेक्ट्रॉनला सुमारे ५४ इलेक्ट्रॉनव्होल्टची गतिज ऊर्जा हवी, आणि पारडं आयनीभवनाकडे झुकलेलं असतं. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टला हीच मागणी सुमारे ५४५ वर जाते. तिथे ग्रहण जवळजवळ नाहीसं होतं, आयनीभवन मात्र हळूहळूच उतरतं.

आता संगणकाकडे वळू. १९६६ मध्ये अब्राइन्स आणि पर्सिव्हल या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रोटॉन-हायड्रोजन टक्कर पूर्णपणे न्यूटनच्या यांत्रिकीने सोडवून दाखवली. ‘क्लासिकल ट्रॅजेक्टरी माँटे कार्लो’ (न्यूटनच्या नियमांनी चालणारे, यदृच्छेने निवडलेले मार्ग) ही पद्धत त्यातूनच रुळली. पुढे बहुभारित (अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या) आयनांसाठी ती ऑल्सन आणि सालोप यांनी वापरली. कल्पना धीट आहे: प्रोटॉन, केंद्रक आणि इलेक्ट्रॉन हे तीन बिंदू, त्यांच्यात फक्त कूलॉम बल (विद्युतभारांमधलं आकर्षण-अपकर्षण), आणि सोडवायची बारा समीकरणं. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती केप्लरच्या लंबवर्तुळात फिरतो. लंबवर्तुळ किती चपटं, अवकाशात कसं कललेलं, इलेक्ट्रॉन त्यावर कुठे आहे, प्रोटॉन किती अंतरावरून जाणार, हे सगळं दर वेळी यदृच्छेने ठरवायचं. मग पुन्हा पुन्हा टक्कर लावायची, हजारो वेळा.

प्रत्येक टकरीच्या शेवटी प्रश्न दोनच. केंद्रकाच्या सापेक्ष इलेक्ट्रॉनची ऊर्जा धन की ऋण? प्रोटॉनच्या सापेक्ष धन की ऋण? (ऋण म्हणजे बांधलेला, धन म्हणजे मोकळा.) दोन्ही धन असतील तर आयनीभवन. प्रोटॉनच्या सापेक्ष ऋण असेल तर ग्रहण. केंद्रकाच्या सापेक्ष ऋण असेल तर इलेक्ट्रॉन घरीच आहे, फार तर थोडा उत्तेजित झालेला. एकाच प्रोग्रामला, एकाच धावेत, दोन्ही घटनांची उत्तरं मिळतात, आणि मला ही पद्धत आवडते ती यासाठीच. क्वांटम गणितात अनेकदा दोन्हींसाठी वेगवेगळी अंदाजी सूत्रं लावावी लागतात आणि मग ती एकमेकांशी जुळतात का याची काळजी करत बसावं लागतं.

मोजणीचा हिशेबही सरळ आहे. दहा हजार टकरींपैकी शंभर ग्रहणाच्या निघाल्या, तर ज्या वर्तुळात प्रोटॉन सोडले त्याच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग हा ग्रहणाचा क्रॉस सेक्शन, म्हणजे ती घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळात मांडलेली. त्यातली सांख्यिकी त्रुटी सुमारे दहा टक्के. जास्त वेगाला ग्रहण इतकं दुर्मीळ होतं की आयनीभवनाचा आकडा स्थिरावल्यावरही ग्रहणासाठी प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा लागतो.

मात्र ऊर्जेचं चिन्ह कधी तपासायचं? कूलॉम बल लांबपर्यंत पोचतं. प्रोटॉन थोडा दूर गेला म्हणून गणित थांबवलं, तर काही इलेक्ट्रॉन अजून दोघांच्या मध्ये रेंगाळत असतात, आणि आत्ता धन दिसणारी ऊर्जा थोड्या वेळाने ऋण होऊ शकते. ही चूक मी स्वतः केली आहे: घाईने थांबवलेल्या धावेत आयनीभवन फुगलेलं दिसत होतं, पल्ला वाढवल्यावर त्यातला एक भाग ग्रहणाच्या रकान्यात गेला.

याच सीमारेषेवर एक असा प्रकार आहे ज्याचं नावच घोटाळ्यात टाकतं. काही इलेक्ट्रॉन अणूतून निघतात, प्रोटॉनच्या दिशेने, प्रोटॉनच्याच वेगाने सोबत जातात, पण त्याला बांधले जात नाहीत. क्रूक्स आणि रड यांना १९७० मध्ये इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटात नेमक्या या वेगाला एक शिखर सापडलं. याला ‘सातत्यात ग्रहण’ म्हणतात (सातत्य म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सलग ऊर्जा). हिशेबाने हे आयनीभवनच, कारण इलेक्ट्रॉन मोकळा आहे. वागणूक मात्र ग्रहणाची. माझ्या मते दोन शब्दांमधली भिंत मुळात पातळ आहे हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण नाही: प्रोटॉनच्या सापेक्ष ऊर्जा शून्याच्या किंचित खाली गेली की ग्रहण, किंचित वर राहिली की आयनीभवन, आणि निसर्ग त्या शून्यापाशी थांबून विचार करत नाही.

आणि न्यूटनचं यांत्रिकी इथे फसवत नाही का? फसवतं, पण दोन्ही घटनांना वेगवेगळ्या रीतीने. लंबवर्तुळांचा तो समूह निवडला की इलेक्ट्रॉनच्या संवेगाचं वाटप आश्चर्यकारकपणे क्वांटम उत्तराशी तंतोतंत जुळतं. जागेचं वाटप मात्र जुळत नाही. १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला अभिजात (न्यूटनच्या नियमांनी चालणारा) इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दोन बोर त्रिज्यांच्या (बोर त्रिज्या म्हणजे हायड्रोजन अणूच्या आकाराचं माप) पलीकडे जाऊच शकत नाही. क्वांटम हायड्रोजनमध्ये तो त्याही पलीकडे सापडण्याची शक्यता सुमारे २४ टक्के असते. फार वेगाच्या टकरींत आयनीभवनाचा मोठा भाग दुरून गेलेल्या प्रोटॉनच्या हलक्या धक्क्याने होतो, आणि तिथे अभिजात गणित कमी पडतं: ऊर्जा वाढताना त्याचा क्रॉस सेक्शन ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, तर बेथे यांच्या क्वांटम सूत्रात अंशस्थानी हळूहळू वाढणारा एक लॉगॅरिदम असतो आणि उतरण सौम्य होते.

ग्रहणाच्या बाबतीत मात्र १९२७ मध्येच थॉमस यांनी सुचवलेली निव्वळ अभिजात वाट खरी निघाली. प्रोटॉन इलेक्ट्रॉनला ६० अंशांत फेकतो, इलेक्ट्रॉन केंद्रकावर आदळून पुन्हा ६० अंश वळतो, आणि त्याच वेगाने प्रोटॉनच्या बरोबरीने निघतो. या वेळी प्रोटॉन जेमतेम ०.४७ मिलिरेडियन (एका अंशाहून कितीतरी कमी) वळायला हवा. १९८३ मध्ये प्रयोगात त्याच कोनाला उंचवटा दिसला.

मंद वेगांकडे गेलं की आयनीभवन जवळपास मिटतं आणि ग्रहणच उरतं. १९९६ मध्ये रोसॅट उपग्रहाला ह्याकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण येताना दिसले. थंड बर्फाच्या गोळ्यातून क्ष-किरण कुठून यावेत? सौर वारा सेकंदाला काही शे किलोमीटर वाहतो, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनपेक्षा बराच हळू, आणि त्यात जवळपास सगळे इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्सिजन आणि कार्बनचे आयन असतात. ते धूमकेतूच्या वायूतून इलेक्ट्रॉन पळवतात, पण थेट तळाच्या कवचात ठेवत नाहीत. हायड्रोजनमधून पळवलेल्या इलेक्ट्रॉनसाठी अभिजात हिशेब सांगतो की आठही इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन त्याला पाचव्या कवचाच्या आसपास पकडतो. तिथून तो पायऱ्या उतरत खाली येतो, आणि क्ष-किरण निघतात ते या उतरण्यात. तोच इलेक्ट्रॉन नुसता मोकळा सुटला असता, तर ऑक्सिजनच्या आयनाला खाली उतरवायला काहीच मिळालं नसतं.