घोड्याची उडी जमिनीवरच ठरते

घोडा अडथळा पार करील की नाही, याचा निकाल त्याचे मागचे पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीच लागलेला असतो. चारही खूर हवेत गेल्यानंतर त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य ठरलेल्या वक्र मार्गानेच जातो आणि तो मार्ग बदलणे घोड्याच्या हाती राहत नाही. सुमारे ४०० किलो वजनाच्या घोड्याला आपला गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर वर न्यायचा असेल, तर जमीन सोडताना त्याच्याकडे सेकंदाला सुमारे ३.४ मीटर इतका वरच्या दिशेचा वेग हवा. एवढे करूनही तो जेमतेम ०.७ सेकंद हवेत राहतो. तेवढ्या वेळात पुढचे पाय गुडघ्यातून दुमडणे, पाठ कमानीसारखी गोल करणे आणि मागचे पाय वर ओढून घेणे, एवढेच त्याला करता येते.

विदर्भातील खेड्यांत आज घोडा दिसतो तो बहुधा वरातीत, किंवा एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या गोठ्यात बैलांच्या शेजारी बांधलेला. त्याला उडी शिकवायची म्हणजे दोन खुंट्यांवर बांबू आडवा टाकायचा आणि तो हळूहळू वर न्यायचा, असा सर्वसाधारण समज आहे. या पद्धतीत घोड्याची ताकद आणि धीर यांची परीक्षा होते, परंतु त्याचे तंत्र सुधारत नाही. ते सुधारायचे तर अडथळ्याच्या उंचीपेक्षा अडथळ्यापूर्वीच्या दोन-तीन टापांकडे लक्ष द्यावे लागते.

शेवटच्या टापेत नेमके काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. वेगाने येणारा घोडा आधी पुढचे पाय एकामागून एक पुढे रोवतो. ओढा ओलांडणारा माणूस पलीकडे झेपावताना हातातील काठी टेकवतो, त्याप्रमाणे हे पाय पुढे जाण्याच्या वेगाचा काही भाग वरच्या दिशेला वळवतात आणि छाती उचलली जाते. लगेच मागचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र पोटाखाली येतात, सांधे दबतात आणि उलगडतात, आणि उडीसाठी लागणारी ऊर्जा प्रामुख्याने येथून मिळते. मागचे पाय पोटाखाली येण्याऐवजी लांब मागेच राहिले, तर तोच जोर वर न जाता पुढे जातो. अशी उडी लांब आणि सपाट होते, आणि मग दांडी पडते.

हे पाय योग्य जागी पडावेत यासाठी स्वाराने ओरडण्याची किंवा टाच मारण्याची फारशी गरज नसते, कारण जमिनीवर मांडलेल्या दांड्या ते काम अधिक चांगले करतात. मोठ्या चणीच्या घोड्याला दुडकी चालीत ओलांडण्यासाठी साधारण १.२ ते १.४ मीटर अंतरावर तीन-चार दांड्या ठेवतात. दर पावलाला पाय उचलावा लागल्याने त्याचे डोके खाली येते, पाठ सैल होते आणि पावलांना लय मिळते. पुढच्या टप्प्यात याच दांड्यांच्या शेवटी फुलीच्या आकाराचा बुटका अडथळा येतो, ज्याचा मध्य सर्वांत खाली असल्याने घोडा आपोआप मधूनच जातो. त्यानंतर एका ओळीत दोन-तीन अडथळे मांडले जातात. परदेशी पुस्तकांत घोड्याची धावेतील एक झेप सुमारे १२ फूट धरून दोन अडथळ्यांमध्ये २४ फूट अंतर सांगितलेले असते, ज्यात उतरण्याचे ६, मधल्या झेपेचे १२ आणि पुन्हा उडण्याचे ६ फूट येतात. आपल्याकडील मारवाडी किंवा काठेवाडी घोडा चणीने लहान असतो आणि त्याची झेपही बहुधा आखूड असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलल्यास तो एकतर फार लांबून उडेल किंवा मध्ये एक तोकडे पाऊल घुसवेल.

यावर उपाय सोपा आहे आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या धुऱ्याच्या आतच असतो. नुकत्याच वखरलेल्या तासांवरून घोडा मध्यम वेगाने धावत न्यावा आणि मागे वळून ठसे पाहावेत. एकाच पायाचे लागोपाठ दोन ठसे शोधून त्यांच्यातील अंतर टेपने मोजले की त्या घोड्याची झेप हाती येते. ती १० फूट भरली, तर २४ ऐवजी २० फुटांच्या आसपास सुरुवात करणे शहाणपणाचे. मागच्या खुरांचे ठसे पुढच्या भागात अधिक खोल उमटले आहेत का, डावा-उजवा सारखा आहे का, हेही तेथेच दिसते. महागड्या कॅमेऱ्याशिवाय मिळणारी इतकी चांगली नोंद दुसरी नसावी.

लगामाविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. इटलीच्या घोडदळातील फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वाराने उडीच्या वेळी मागे रेलण्याची आणि लगाम ओढण्याची जुनी रीत मोडून काढली. स्वाराने पुढे झुकावे आणि घोड्याची मान मोकळी सोडावी, हा त्याचा आग्रह आता जगभर मान्य आहे. काटेरी लगाम लावलेला घोडा वेदना टाळण्यासाठी डोके वर फेकतो, त्याची पाठ खोलगट होते आणि मागचे पाय नीट वर येत नाहीत. नाचाच्या घोड्याला लावतात तो लगाम उडीच्या सरावात वापरू नये. उडताना दांडी मुद्दाम वर उचलून पायांवर आदळण्याचा प्रकार तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये निषिद्ध आहे.

दांडी दिसण्याचाही प्रश्न असतो. घोड्याची दृष्टी दोन मूळ रंगांवर चालते, त्यामुळे नारिंगी आणि हिरवा यांतील फरक त्याला फारसा जाणवत नाही. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी शर्यतीच्या अडथळ्यांवरील नारिंगी रंगाऐवजी पांढरा, पिवळा किंवा निळा रंग घोड्यांना अधिक उठून दिसतो, असे दाखवल्यावर तेथे पांढऱ्या रंगाकडे वळण्याचा निर्णय झाला. वाळल्या गवतावर ठेवलेला वाळला बांबू घोड्याला फारसा वेगळा दिसत नसणार, म्हणून त्यावर चुन्याचे पट्टे ओढावेत. फुटलेला बांबू मात्र वापरूच नये, कारण त्याची धार कातडी चिरते.

लवकर सुरुवात केली तर घोडा पुढे जास्त चांगला उडेल, ही समजूतही पारखून घ्यावी. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात काही शिंगरांना सहा महिन्यांच्या वयापासून तीन वर्षांपर्यंत उडीचे शिक्षण दिले गेले आणि काहींना दिले गेले नाही. पुढे सर्वांना सारखेच प्रशिक्षण मिळाल्यावर पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही गटांतील तंत्राचा फरक उरला नाही. शिवाय घोड्याच्या पाठीच्या कण्यातील वाढीच्या चकत्या, म्हणजे हाड जेथून वाढते ते कूर्चेचे थर, साधारण पाच वर्षांनंतरच पूर्ण जुळतात, तेव्हा दोन वर्षांच्या शिंगराला उंच दांडीवर नेण्यात काहीच साधत नाही.

शेवटी उतरण्याची जागा. घोड्याच्या खांद्याला हासळीचे हाड नसते आणि पुढचे पाय केवळ स्नायू व बंध यांनी धडाला जोडलेले असतात. उडीनंतर आधी एकच पुढचा पाय टेकतो आणि क्षणभर त्याच्यावर संपूर्ण शरीराच्या वजनाहून अधिक भार येतो. कपाशीच्या काळ्या जमिनीवर हा भार फार वाईट पडतो, कारण उन्हाळ्यात ती दगडासारखी होऊन भेगाळते आणि पावसाळ्यात खूर धरून ठेवते. मुरमाड, बरड जागेवर वाळूचा पातळ थर उत्तम ठरतो. वाळू फार खोल असेल तर कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर, ताणल्या जातात. ही सोय नसल्यास खरिपाचे पीक निघाल्यानंतर, थोडी ओल असताना वरवर वखरलेली जमीन त्यातल्या त्यात बरी. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडरा आणि हाडे यांना महिने लागतात, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस उड्या आणि उरलेले दिवस दुडकी, चढ-उतार व साधी चाल असा क्रम ठेवावा. पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या मे महिन्यात तर काम दिवस उजाडताच आटोपावे. सरावानंतर पुढच्या पायाच्या नळीच्या मागील कंडरेवरून हात फिरवावा, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा सुजलेला लागल्यास पशुवैद्यकाने पाहीपर्यंत त्या घोड्याला अडथळ्यावर नेऊ नये.