पिशवीतला कोंब

गर्भाशयाला आपण सर्रास ‘पिशवी’ म्हणतो आणि डोळ्यांपुढे येते ती भरलेली, फुगलेली पिशवी. खरं तर गर्भ नसताना ती रिकामी करून खुंटीला अडकवलेल्या कापडी पिशवीसारखी असते. पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकलेली, मधली पोकळी नावापुरती. त्या दोन भिंतींमध्ये वाटाण्याएवढं काही उगवून दबून बसलं, तर बाहेरून दिसणार कसं? पॉलिप, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरावर उगवणारी मऊ वाढ, तपासणीत का निसटतो, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

पॉलिपला काही डॉक्टर ‘कोंब’ म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला वाढतं नि पाळीत गळून जातं. त्यातलाच एखादा भाग स्वतःची रक्तवाहिनी धरून वाढत राहतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन मिळालं की तो फोफावतो, पण अस्तराला आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनला फारशी दाद देत नाही. त्यामुळे बाकीचं अस्तर गळालं तरी हा जागेवरच. कधी काही मिलिमीटरचा, कधी काही सेंटिमीटरचा. कधी देठावर लोंबणारा, कधी भिंतीला बसका. फायब्रॉइड वेगळा. ती स्नायूची घट्ट गाठ, हा अस्तराचा मऊ कोंब. रिपोर्ट हातात आला की घरोघरी दोन्हींची ‘गाठ’ होते आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

अनेकींना त्याचा काहीच त्रास नसतो. त्रास झालाच तर तो रक्तस्रावाचा. पाळी आटोपून आठवडा झालेला असतो आणि पुन्हा थोडं अंगावरून जातं, किंवा पाळीतच जास्त जातं. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला घरातल्या सगळ्याजणी सांगतात, ‘पाळी जायचं वय आहे, असं व्हायचंच.’ मला हे वाक्य पॉलिपपेक्षा धोक्याचं वाटतं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाच डाग दिसला, तरी तपासणी हवीच. स्तनांच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी तर अजिबात चालढकल करू नये. ते औषध स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, गर्भाशयात मात्र इस्ट्रोजेनसारखंच वागतं.

पहिली तपासणी म्हणजे योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी, बोलीत ‘खालून सोनोग्राफी’. ती कोणत्या दिवशी करायची याला मोठं महत्त्व आहे. पाळी नुकतीच संपली की अस्तर पातळ असतं आणि त्यावर पांढुरका पॉलिप उठून दिसतो. विसाव्या-बाविसाव्या दिवशी अस्तर स्वतःच जाड नि पांढुरकं झालेलं असतं. त्यात पॉलिप हरवतो, किंवा नसलेला दिसतो. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या दिवसाच्या आत जावं. ‘उद्या या’ म्हणणाऱ्या रिसेप्शनवर पाळीची तारीख आपणच सांगितलेली बरी. कलर डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, देठातून आत शिरणारी एकच रक्तवाहिनी दिसली, तर संशय पक्का होत जातो.

तरीही शंका उरली तर रिकाम्या पिशवीत पाणी भरायचं. बारीक नळीने थोडं सलाईन आत सोडलं की चिकटलेल्या भिंती सुटतात आणि पॉलिप त्या पाण्यात वेगळा दिसतो.

शेवटचा शब्द दुर्बिणीचा, म्हणजे हिस्टेरोस्कोपीचा. जेमतेम काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण गर्भाशयाच्या तोंडातून आत जाते. पोटावर टाका नाही. पडद्यावर गुलाबी पोकळी उघडते आणि सलाईनच्या प्रवाहात घंटेच्या लोळीसारखा झुलणारा पॉलिप दिसतो, अंगावरच्या बारीक लाल शिरांसकट. 1869 मध्ये पांतालेओनी नावाच्या डॉक्टरने साठ वर्षांच्या, रक्तस्राव न थांबणाऱ्या बाईच्या गर्भाशयात नळीतून डोकावून पाहिलं, तेव्हा त्याला पॉलिपसारखीच वाढ दिसली आणि सिल्व्हर नायट्रेटने त्याने ती जाळली. हिस्टेरोस्कोपीची ही पहिली नोंद मानतात.

आपल्याकडे मात्र अजूनही ‘क्युरेटिन करून टाकू’ ऐकू येतं. क्युरेटिन म्हणजे न बघता खरवडणं. लवचिक पॉलिप हत्याराखालून बाजूला सरकतो, अस्तर निघतं आणि तो तिथंच राहतो. दुर्बिणीतून बघत बुंध्यापासून कापला की काम होतं, आणि बहुतेकजणी त्याच दिवशी घरी जातात. काहींना तो पुन्हा येतो, हेही खरं.

प्रत्येक पॉलिप काढावाच लागतो असं नाही. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, त्रास न देणारे काही पॉलिप आपोआप विरतात. तरुण वयात थांबून बघता येतं. मूल हवं असेल तर हिशेब बदलतो. माद्रिदच्या एका अभ्यासात (2005) कृत्रिम वीर्यरोपणाआधी पॉलिप काढलेल्यांपैकी सुमारे 63 टक्के गर्भवती राहिल्या, न काढलेल्यांपैकी 28 टक्के. आणि पहिल्या गटातल्या बऱ्याच जणींवर त्या उपचाराची वेळच आली नाही, त्याआधीच दिवस गेले.

मग ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला? मूल झालं, आता ठेवून काय करायचंय, हा त्यामागचा तर्क. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या 2019 च्या सरकारी सर्वेक्षणात 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं अनेक होती, पण कॅन्सरची भीती घालणं हे त्यांतलं एक. साध्या पॉलिपसाठी गर्भाशय काढायची गरज नसते. बहुतांश पॉलिप निरुपद्रवी असतात. पाळी गेल्यानंतर रक्त जाणाऱ्या बायकांत कर्करोगाचं प्रमाण वाढतं, तेही मोजक्याच जणींत.

ते कळतं बायोप्सीतून, म्हणजे काढलेला तुकडा लॅबमध्ये तपासून. ऑपरेशन झालं की नातेवाइकाच्या हातात फॉर्मॅलिनची छोटी बाटली देतात. तळाशी पिवळट, भिजल्या बेदाण्याएवढा तुकडा. लॅबमध्ये पोचवायला सांगतात. बाटलीवरचं नाव वाचा, त्याच दिवशी पोचवा, आणि आठवड्याने रिपोर्ट आणायला विसरू नका.