चार्जशीट पोलिसांची, चार्ज कोर्टाचा

‘कोर्टाने चार्जशीट ठेवली’ असं बातमीत वाचलं की मला राहवत नाही. चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, पोलीस दाखल करतात: एफआयआर, जबाब, पंचनामे, तपासणी अहवाल, सगळं एका बाडात. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

घोळ होतो तो पुढे. दोषारोप ठेवणं, वकिलांच्या तोंडी ‘चार्ज फ्रेम होणं’, हे काम न्यायाधीशांचं. पोलिसांचे कागद वाचून, दोन्ही बाजू ऐकून ते बघतात की खटला चालवण्याइतका आधार आहे का. नसेल तर आरोपी तिथेच दोषमुक्त होतो. (याला ‘निर्दोष सुटला’ म्हणू नका. निर्दोष मुक्तता पुरावा झाल्यावर, निकालात होते.) आधार असेल तर दोषारोप लिहिला जातो: कोणत्या तारखेला, कुठे, काय केलं, कलम कोणतं. आरोपीला उभं करून तो त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘नाही’ म्हटलं की खाली सही किंवा अंगठा. खटला खरा इथून उभा राहतो. कलमंही तीच राहतील असं नाही. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं खुनाचं कलम १०३ लावलं असलं, तरी न्यायाधीश कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवू शकतात.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. आत असलेल्या पोराचे वडील येऊन विचारतात, ‘साहेब, नव्वद दिवस झाले, कोर्टाने आरोप ठेवले नाहीत, आता जामीन हक्काचा ना?’ ऐकून जीव कळवळतो. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांची ती मुदत पोलिसांच्या चार्जशीटची आहे; तेवढ्यात ती आली नाही तरच जामीन हक्काचा. ती ८९व्या दिवशी आली तरी तो हक्क गेला, मग जामीन गुणवत्तेवर, म्हणजे प्रकरणात काय आहे ते दाखवून, मागावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दोषारोपालाही मुदत घातली आहे, आरोपाच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवस. पण ती उलटली म्हणून जामीन आपोआप मिळत नाही.

तेव्हा वकिलाला दोनच तारखा विचारा: पहिली रिमांड, म्हणजे कोर्टाचा कोठडीचा आदेश, कधी झाली, आणि चार्जशीट कधी दाखल झाली. दिवस अटकेपासून नाही, त्या पहिल्या रिमांडपासून मोजतात.