नाव चकतीवर नको, डबीवर

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात साठेक सीड्या आणि डीव्हीड्या आहेत. लग्नं, मुंजी, गल्लीतल्या पोरांनी बसवलेलं नाटक, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची दोन वर्षं. श्रावणात मावशी राहायला आली आणि तिला लेकीच्या लग्नाची डीव्हीडी बघायची लहर आली. चकतीवर फोटोवाल्यानं नवरा-नवरीचा गोल कागदी स्टिकर चिकटवलेला. हळद, अक्षता, पंगत सगळं झकास दिसलं. पाठवणी सुरू झाली आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन मावशीची लेक डोळे पुसता पुसता थिजली.

पुसून बघितली, दुसऱ्या प्लेअरवर लावली, तरी तेच. मग चकती खिडकीपाशी नेली, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली आणि घोटाळा दिसला. ती सपाट नव्हती, उथळ ताटलीसारखी किंचित वाकली होती. बेळगावच्या पावसात कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, ऊन पडलं की आखडतो. खालचं प्लास्टिक मात्र जागचं हलत नाही. दोघांना गोंदानं बांधून ठेवलं की ओढाताणीत चकती वाकते, आणि सगळ्यात जास्त वाक कडेला येतो. डीव्हीडी वाचली जाते मधून बाहेर, त्यामुळे लग्नाचा शेवट नेमका कडेलाच असतो. चकतीवरची माहिती मध्यापासून वेढे घेत जाणाऱ्या एकाच रेघेत असते. सीडीवर तिच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असतं, डीव्हीडीत ०.७४. इतक्या बारीक रेघेवर प्रकाशाचा ठिपका टिकवायचा, तर चकतीचा तिरकेपणा डीव्हीडीला कमी चालतो. म्हणून तोच स्टिकर सीडीवर खपून जातो आणि डीव्हीडीवर नडतो.

याचा अर्थ सीडीवर खुशाल चिकटवा असा नाही. सीडी आपण उलटी जपतो. चकचकीत बाजूला ओरखडा पडला की हळहळतो आणि छापील बाजू बिनधास्त टेबलावर घासतो. खरं तर चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलीकार्बोनेटचं पारदर्शक प्लास्टिक आहे, लेसर त्यातून आरपार वाचतो. माहितीचा थर आहे वर, नावाच्या बाजूला. त्याच्यावर फक्त धातूचा पातळ मुलामा आणि लाखेसारखं एक लेपन, तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. बॉलपेननं दाबून ‘मुंज’ लिहिलं की ते थेट माहितीवरच कोरलं जातं. स्टिकर उपटला तर मुलामा त्याच्याबरोबर निघून येऊ शकतो. डीव्हीडी त्या मानानं शहाणी: ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या आणि माहिती मध्ये, सँडविचसारखी.

आणखी एक हिशेब कागदावर करून पाहिला. गोल स्टिकर साधारण एक ग्रॅमचा. तो मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकून चिकटला, आणि कॉम्प्युटरच्या वेगवान ड्राइव्हमध्ये चकती मिनिटाला १०,००० फेरे फिरू लागली, तर तिला बाहेर खेचणारं बल सुमारे ११० ग्रॅम वजनाएवढं भरतं. दोन अंड्यांचं ओझं, तेही सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा दिशा बदलणारं. ड्राइव्ह घरघरतो तो यामुळे. टीव्हीखालचा प्लेअर खूप सावकाश फिरवतो, म्हणून तिथं हा त्रास जाणवत नाही.

तेव्हा नाव डबीवर घालायचं. चकतीवर फार तर मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करनं एक नंबर.

डबीचं कव्हर छापताना पहिला घात करतो तो प्रिंटरच्या खिडकीतला ‘फिट टू पेज’. कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून त्यानं चित्र ९७ टक्के केलं, तर १२० मिलिमीटरचं पुढचं कव्हर ११६ होतं आणि डबीत लुडबुडत राहतं. तिथं ‘ॲक्च्युअल साइज’ निवडायचं. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला तरी हे आपणच बजावून सांगायचं, आणि छापून आलं की पट्टी लावून मोजायचं. नेहमीच्या सीडीच्या डबीचं पुढचं कव्हर जवळपास १२० बाय १२०. मागचं १५१ बाय ११८, त्यातल्या दोन्ही बाजूंच्या साडेसहा-साडेसहा मिलिमीटरच्या पट्ट्या दुमडून डबीच्या कण्यात, म्हणजे कडेच्या अरुंद बाजूत जातात. डीव्हीडीच्या उंच डबीचं कव्हर सलग, २७३ बाय १८३, कणा १४ मिलिमीटरचा. हे सगळं ए-फोर कागदात बसतं.

कागद मात्र कसाही फिरवून चालत नाही. कारखान्यात कागदाचा लगदा पुढे सरकत असताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. तंतूंच्या दिशेनं घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर कडेला पांढरे दाते फुटतात आणि छापलेला रंग तडकतो. दिशा ओळखायला मी चौकोनी तुकड्याची एक बाजू ओल्या बोटांनी पुसली. कागद आपोआप सुरळी झाला. तंतू ओले झाले की लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून सुरळीची लांबी ज्या दिशेला तीच तंतूंची दिशा.

“काय करूलास रे पाण्यात कागद घालून?” मावशीनं दारातून विचारलं. तिला सुरळी दाखवली. “पापडासारखा वळला की,” म्हणाली आणि गेली.

आमच्या ए-फोरमध्ये तंतू लांब बाजूला होते. त्यामुळे सीडीचं मागचं कव्हर उभ्या कागदावर १५१ ची बाजू आडवी ठेवून छापलं, म्हणजे घड्या तंतूंबरोबर आल्या. त्याच पानावर खाली पुढचं कव्हरही मावलं. घडीच्या जागी आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबली. डीव्हीडीच्या कव्हरला ही चैन नाही, २७३ ची बाजू कागदाच्या लांबीवरच ठेवावी लागते आणि घड्या तंतूंना आडव्या येतात. पण ते बाहेरच्या प्लास्टिकच्या खिशात नुसतं वळून बसतं, करकरीत घडी लागतच नाही.

शाईचंही आपल्याकडे पावसाशी नातं आहे. इंकजेटच्या स्वस्त डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, ओला हात लागला की नवरीचा शालू नवऱ्याच्या फेट्यात उतरतो. लेसर प्रिंटरचं टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत भुकटी, उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली, ती पाण्याला दाद देत नाही. पण स्वस्त मऊ पीव्हीसीच्या पाउचमध्ये घातली तर काही महिन्यांत पाउचलाच चिकटते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेली तेलकट द्रव्यं पाझरून टोनरला नरम करतात. मिरवणुकीच्या एका कव्हरावरचा महाराजांचा अर्धा घोडा आता आमच्या पाउचवर आहे.

मावशीची चकती ऊन पडल्यावर दोन जाड पुस्तकांमध्ये तीन दिवस दाबून ठेवली. मग कॉम्प्युटरवर सावकाश वाचून घेतली आणि नवीन, बिनस्टिकरच्या डीव्हीडीवर उतरवली. राहिला कणा. सीडीचा साडेसहा मिलिमीटरचा कणा म्हणजे छापील अक्षरांच्या मापात जेमतेम १८ पॉइंट. देवनागरीला शिरोरेघेच्या वर रफार-वेलांटी आणि खाली उकार लागतात, म्हणून तिथं मी ११ पॉइंटच्या वर जात नाही. डीव्हीडीच्या १४ मिलिमीटरमध्ये २० पॉइंट ऐसपैस बसतं. मावशीला म्हटलं, सांग काय लिहू. दोघांची नावं, तारीख, मुहूर्त, कार्यालय, सगळं सांगून झाल्यावर तिनं जरा विचार केला.

“आणि शेवटी लिही, पाठवणी मी आल्यावरच लावायची.”

१६ पॉइंटवर आणलं, तेव्हा मावलं.