चौथाईच्या सनदा देणारा मीरबक्षी : सय्यद हुसेन अलीची पार्श्वभूमी

बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या, हे आपण शाळेपासून वाचत आलो. आणणाऱ्याचे नाव तोंडपाठ आहे, देणारा मात्र ‘सय्यद बंधू’ या जोडनावात हरवून गेला. थोरला अब्दुल्ला खान वजीर होता, धाकटा हुसेन अली खान मीरबक्षी, म्हणजे बादशाही लष्कराचा मुख्य अधिकारी. मराठ्यांशी बोलणी केली ती या धाकट्याने, आणि केली ती गळ्यापर्यंत पाणी आल्यावर. सनदांमधली कलमे वाचताना ही त्याची अडचण डोळ्यांसमोर ठेवली नाही, तर निम्मा अर्थ हातून निसटतो.

घराणे बारहाच्या सय्यदांचे, गंगा-यमुनेच्या दुआबातले, लढवय्ये म्हणून नावाजलेले. १७१३ च्या जानेवारीत आग्र्याजवळ तेव्हाचा बादशहा जहांदारशाह याचा पराभव करून या भावांनी फर्रुखसियरला तख्तावर बसवले. त्याबद्दल दोघांना साम्राज्यातली सर्वांत मोठी पदे मिळाली आणि त्याच दिवसापासून बादशहाच्या मनात त्यांची धास्तीही बसली. हुसेन अलीला मारवाडच्या स्वारीवर धाडायचे आणि तिकडे राजा अजितसिंहाला, याचा परस्पर काटा काढा, असे गुपचूप कळवायचे, इथपर्यंत मजल गेली.

१७१५ मध्ये तो दख्खनचा सुभेदार म्हणून निघाला, तेव्हा हाच डाव पुन्हा मांडला गेला. बऱ्हाणपूरला मोगल सरदार दाऊदखान पन्नीने वाट अडवली. त्याला फूस बादशहाचीच होती. दाऊदखान लढाईत पडला, पण पुढची तीन वर्षे हुसेन अलीला उसंत मिळाली नाही. मराठा सरदार खंडेराव दाभाड्यांनी खानदेशात त्याची एक अख्खी फौज बुडवली. दख्खनेतल्या जमीनदारांना आणि साताऱ्याला शाहू महाराजांच्या दरबारीही दिल्लीहून पत्रे येत होती : सुभेदाराला जुमानू नका. समोर मराठे आणि पाठीशी वैरी झालेला धनी. दोघांशी एकाच वेळी लढणे त्याच्या आवाक्यात नव्हते. त्यातल्या एकाशी तह करायचा, तर मराठ्यांशीच शक्य होता.

मध्यस्थी शंकराजी मल्हारांनी केली. राजाराम महाराजांच्या काळी ते सचिव होते, पुढे काशीला गेले आणि तिथून हुसेन अलीच्या पदरी आले. दोन्ही दरबारांची भाषा आणि दोन्हीकडची गरज कळणारा असा माणूस त्या वेळी दुसरा नसावा. १७१८ मध्ये कलमे ठरली. शिवाजी महाराजांचे स्वराज्य शाहू महाराजांना मिळावे, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई (वसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (वसुलाचा आणखी दहावा हिस्सा) मिळावी, मातोश्री येसूबाई आणि इतर आप्त यांची सुटका व्हावी. बदल्यात शाहूंनी सुभेदाराच्या चाकरीला १५,००० स्वार द्यावेत, मुलखात चोरी-लूट झाल्यास ती भरून द्यावी आणि दरसाल १० लाख रुपये पेशकश, म्हणजे बादशहाला नजराणा, भरावी.

‘स्वराज्य’ या शब्दापाशी जरा थांबायला हवे. आज तो ऐकताच मनात जे उभे राहते, ते या कागदात नाही. इथे त्याचा अर्थ मोजूनमापून दिलेला आहे : थोरल्या महाराजांच्या अखेरीस ताब्यात असलेला मुलूख, महालवार याद्यांसह. पुढे तर गावपातळीवर हा शब्द वसुलाच्या वाट्याचे नाव झाला. अठराव्या शतकातल्या इनामपत्रांत ‘स्वराज्य व मोगलाई एकूण दुतर्फा’ असे शब्द भेटतात. गाव एकच, शेत तेच, पण त्या शेताच्या उत्पन्नावर दोन सरकारांचे दोन अंमल. मोगल अमीन आपला हिस्सा नेई, मराठ्यांचा कमाविसदार चौथाई उचले, सरदेशमुखीचा गुमास्ता वेगळा आणि वाटेवर राहदारी घेणारे आणखी निराळे. एका समकालीन फारसी तवारीखकाराने या व्यवस्थेबद्दल मनापासून संताप व्यक्त केला आहे. तो बादशाही बाजूने बोलतो हे खरे, पण रयतेच्या दारात किती माणसे उभी राहत, याचे त्याचे वर्णन मला खोटे वाटत नाही.

चौथाईचेही रूप या कागदाने पालटले. शिवाजी महाराज ती शत्रूच्या मुलखातून स्वतःच्या जोरावर घेत. १७१९ नंतर ती बादशाही सनदेने मिळालेला हक्क झाली आणि हक्कासोबत चाकरी आली. म्हणून काही अभ्यासक हा तह म्हणजे मांडलिकी मानतात, तर काहींना त्यात साम्राज्याचा पाया दिसतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. चौथाईची वाटणी पाहा : चौथा हिस्सा ‘बाबती’ म्हणून राजाचा, उरलेल्या ‘मोकाशा’तून एकूण चौथाईच्या शेकडा ६ ‘साहोत्रा’ सचिवांचा, शेकडा ३ ‘नाडगौडा’ राजाच्या मर्जीचा, आणि बाकीचे शेकडा ६६ सरदारांचे. सरदारांना पुढे सरकत राहण्याचे कारण याच आकड्यात आहे. दहा लाखांची पेशकश त्यापुढे फार लहान दिसते.

फर्रुखसियरने तह मानला नाही. मग हुसेन अली मराठी फौज घेऊनच दिल्लीला निघाला. २८ फेब्रुवारी १७१९ च्या सकाळी शहरात अफवा उठली आणि दंगल पेटली. अरुंद गल्ल्यांत घोडी वळवायला जागा नव्हती. मोकळ्या मैदानावर वाऱ्यासारखे हिंडणारे स्वार तिथे जमावाच्या तावडीत सापडले. दीड-दोन हजार मराठे पडले. नाना फडणवीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांतलेच. त्याच दिवशी फर्रुखसियर पदच्युत झाला, पुढे त्याला आंधळे केले आणि एप्रिलमध्ये गळा आवळून त्याला मारले. मार्चमध्ये नव्या बादशहाच्या, रफी-उद्-दरजातच्या नावाने सनदा झाल्या. रायगड पडल्यापासून कैदेत असलेल्या येसूबाई सुमारे २९ वर्षांनी साताऱ्याला परतल्या.

ज्याच्या नावाने सनदा निघाल्या, तो बादशहा जूनमध्ये क्षयाने गेला. एप्रिल १७२० मध्ये सासवडला बाळाजी विश्वनाथ वारले. त्या उन्हाळ्यात सय्यदांचा विरोधक मोगल सरदार निजामउल्मुल्क नर्मदा उतरून दख्खनेत आला आणि ऑगस्टमध्ये बाळापूरला त्याने हुसेन अलीच्या पुतण्याला मारले. त्या लढाईत मराठे सय्यदांच्या बाजूने लढले होते. खुद्द हुसेन अली मोहंमदशाह बादशहाला घेऊन दख्खनेकडे येत होता. ८ ऑक्टोबरला टोडाभीमजवळ पालखीशी एक माणूस अर्ज घेऊन आला. हुसेन अली अर्ज वाचू लागला आणि त्या माणसाने त्याच्या कुशीत खंजीर खुपसला. अब्दुल्ला खान नोव्हेंबरात हसनपूरला हरला आणि १७२२ मध्ये कैदेत मेला.

सनदा देणारे असे गेले, सनदा राहिल्या. निजामाने त्या उघड नाकारल्या नाहीत, फक्त विचारले की चौथाई शाहूंना द्यायची की त्यांचे चुलतभाऊ, कोल्हापूरच्या गादीवरचे संभाजी राजे यांना, आणि वसूल अडवून धरला. बाजीरावांनी त्याला पालखेडला कोंडीत पकडले आणि मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई-सरदेशमुखी शाहूंचीच, हे त्याच्याकडून मान्य करून घेतले.