घरगुती जलतरण तलाव : निगा आणि पाण्याची ऊब

बंगल्याच्या किंवा फार्महाऊसच्या आवारात कुटुंबापुरता बांधलेला तलाव स्वच्छ, निर्जंतुक आणि पोहताना सोसवेल इतका उबदार राखण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात असे तलाव लोणावळा, कर्जत, अलिबाग, पुणे, नाशिक या भागांत विशेष आढळतात. गोव्यातील व्हिलांमध्ये तर ते सर्रास असतात. विहिरीला झरा असतो, उपसा असतो. या तलावाला दोन्ही नाहीत. एकदा भरलेले पाणी गाळून, फिरवून आणि त्यात औषध घालून महिनोन् महिने वापरायचे असते.

पंप पाणी ओढून वाळूच्या फिल्टरमधून परत तलावात सोडतो. साधारण ६ ते ८ तासांत सगळे पाणी एकदा फिरावे अशी पंपाची क्षमता ठेवतात. फिल्टरवरील दाबमापकाचा काटा नेहमीपेक्षा सुमारे अर्धा बार वर गेला, की वाळूत मळ साचला असे समजून बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने धुलाई करतात. रोज उठून बॅकवॉश करणारे केअरटेकर असतात. त्यात पाणी आणि त्यातली रसायने फुकट जातात, शिवाय किंचित मळलेली वाळू उलट अधिक बारीक गाळते.

निर्जंतुकीकरणासाठी मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेले क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचे माप, ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवतात. यांतला पीएच अधिक दुर्लक्षित आणि अधिक महत्त्वाचा. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग जंतू मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, तर ८ ला तो पाव भागाच्याही खाली येतो. मग कितीही पावडर ओतली तरी पाणी हिरवेच. डोळे चुरचुरणे आणि उग्र वास ही बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडल्याची खूण असते. घाम आणि मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) गोळ्या हे दोन्ही क्लोरीनचेच स्रोत असले तरी ते एकत्र आल्यास आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. त्यांचे डबेच काय, मापेही वेगळी ठेवावी लागतात.

पोहण्यासाठी २६ ते २८ अंश सेल्सिअस पाणी बहुतेकांना मानवते. लहान मुले आणि वृद्धांना ३० च्या आसपास बरे वाटते. पुणे-नाशिकच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांजवळ उतरतो आणि उघडा तलाव गारठतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. ते एका अंशाने तापवायला ५२ युनिटांइतकी उष्णता लागते, २० वरून २८ वर न्यायला सव्वाचारशेच्या आसपास. साध्या विजेच्या हीटरचा विचार बहुतेक जण इथेच सोडतात.

खरा खर्च मात्र त्यानंतरचा, तापलेले पाणी राखण्याचा. उष्णतेचा सर्वांत मोठा भाग बाष्पीभवनातून जातो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. वरील तलावाची पातळी अर्धा सेंटीमीटर उतरली तर १६० लिटर पाणी उडाले आणि उरलेले जवळपास दोन अंशांनी थंड झाले. देशावरची हिवाळी हवा कोरडी असते, त्यात वारा असला की ही गळती वाढते. कोकणातील दमट हवेत ती कमी. म्हणून पृष्ठभागावर पसरायचे बुडबुड्यांचे प्लास्टिक आच्छादन हीटरच्या आधी घ्यावे. त्याची किंमत यंत्राच्या तुलनेत किरकोळ असते, पण रोज संध्याकाळी अंथरायचा कंटाळा येतो आणि ते कोपऱ्यात गुंडाळून पडते.

हीट पंप हवेतील उष्णता पाण्यात आणतो आणि अनुकूल हवेत एका युनिटात चार-पाच युनिटांची ऊब देतो. हवा थंड झाली की त्याची कार्यक्षमता घटते. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपार उबदार असते, तेव्हा पंप दुपारी चालवणे आणि रात्री आच्छादन घालणे हे स्वस्तातले गणित. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या चटया पसरून त्यांतून तलावाचे पाणी फिरवण्याची सौरपद्धतही आहे. त्यासाठी तलावाच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापासून तेवढीच जागा लागते. न्हाणीघरासाठीच्या काचनळ्यांच्या सौरबंबाचा इथे फारसा उपयोग नाही. त्याचे काम थोडे पाणी कढत करण्याचे; तलावाला हवे असते भरपूर पाणी, जेमतेम कोमट.

कोमट पाण्याचा जाच वेगळा. त्यात क्लोरीन लवकर खर्ची पडते आणि शेवाळ जोमाने धरते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी जड असल्यास हीटरच्या आतल्या नळ्यांवर चुन्याचा थर बसतो, तर पीएच घसरल्यास तांब्याच्या नळ्या झिजतात. क्लोरीन सोडणारे उपकरण हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी तापून निघाल्यानंतर जोडतात ते यासाठीच. खारे पाणी वापरणाऱ्या तलावांत टायटॅनियमच्या नळ्या घेतात. कोमट पण क्लोरीनविना राहिलेल्या पाण्यात नाकावाटे मेंदूत शिरणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबाही वाढू शकतो. त्याचा संसर्ग विरळा, पण बहुधा प्राणघातक. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे बरेच रुग्ण आढळले.

पावसाळ्यात हीटरची गरज उरत नाही, पण पावसाच्या पाण्याने क्षारता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) उतरते, माती वाहून येते आणि दोन दिवस पंप बंद राहिला तरी पाणी हिरवे पडते. ‘पावसात कोण पोहतो’ म्हणून तलाव रिकामा करून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती धोक्याची. भूजल वर आलेले असताना रिकाम्या टाकीला खालून दाब बसतो आणि तळाला भेगा जातात. क्वचित अख्खी टाकीच उचलली जाते.