आसंजके, लघुरणभूमीच्या प्रतिकृतींतील

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी डोंगर, तटबंदी, रस्ते, झाडी इत्यादींच्या लहान प्रतिकृती तयार करताना वापरण्यात येणारी चिकटद्रव्ये. आसंजकाची निवड त्याच्या ताकदीपेक्षा जोडायच्या पृष्ठभागांवर, आणि त्यातील पाणी किंवा द्रावक बाहेर पडण्यास वाट आहे की नाही यावर अवलंबून असते.

आधुनिक युद्धखेळाचे मूळ सामान्यतः प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात मानतात. तेथे राइसविट्झ पितापुत्रांपैकी वडिलांनी १८१२ च्या सुमारास भूमीचे चढउतार दाखवणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ राजापुढे मांडला, तर १८२४ मध्ये मुलाने त्याची सुधारित नियमावली प्रसिद्ध केली. सातारा व सांगली भागात मात्र लघुरणभूमीचा सर्वपरिचित प्रकार म्हणजे दिवाळीतील किल्ला. ही प्रथा शिवकाळापासून चालत आल्याचे सर्वसाधारणपणे सांगण्यात येते. दुसऱ्या मतानुसार तिचा संबंध दिवाळीत शेणाने घडवण्यात येणारे पांडव, गवळणी व गोवर्धन यांच्याशी आहे. सण आणि बांधणीचे द्रव्य दोन्हींत समान असल्याने हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि बुरूज, दरवाजे व मावळे ही आजची मांडणी शिवचरित्राच्या प्रसाराबरोबर, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर, रूढ झाली असावी. दगडविटांच्या ढिगावर गोणपाट अंथरून चिखलाने लिंपलेल्या या किल्ल्यात मातीच आसंजकाचे काम करते. तिच्यात शेण कालवल्यास त्यातील तंतूंमुळे वाळताना पडणाऱ्या भेगा कमी होतात.

टिकाऊ प्रतिकृतींसाठी पुठ्ठा, लाकूड व फोम वापरतात. त्यांचे मुख्य आसंजक म्हणजे पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटचा पांढरा गोंद. या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) शोध जर्मन रसायनज्ञ फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये लावला. भारतात १९५९ पासून फेविकॉल या नावाने त्याचा गोंद घरोघरी पोहोचला. या गोंदात बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो, आणि दुधाळ थर पारदर्शक दिसू लागतो. म्हणूनच फोमच्या दोन जाड तक्त्यांमध्ये हा गोंद पसरल्यास कडा वाळतात, पण आतला भाग कित्येक दिवस ओला राहतो, कारण फोममधून पाणी निघू शकत नाही. अशा ठिकाणी गोंदाचा थर पातळ ठेवून तक्ते दातकोरणीच्या काड्यांनी एकमेकांत रोवणे इष्ट ठरते. पातळ पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस भरपूर गोंद लावल्यास तो आकसताना पुठ्ठा वाकतो. दुसऱ्या बाजूसही गोंदाचा हात फिरवल्यास ताण बराचसा समतोल होतो.

अजिंक्यताऱ्यासारख्या डोंगराच्या उतारावर वाळू बसवताना आधी घट्ट गोंदाचा हात देऊन त्यावर चाळलेली वाळू पेरतात, आणि ती वाळल्यावर एक भाग गोंद व दोन भाग पाणी यांचे मिश्रण वरून थेंबाथेंबाने सोडतात. मिश्रणात भांड्याच्या साबणाचा थेंब घातल्यास पृष्ठताण कमी होऊन ते वाळूच्या कणांत मुरते. एरवी त्याचे मणी बनून कण जागचे हलतात.

थर्माकोलला द्रावकयुक्त रबरी गोंद लावू नये. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन असून टोल्यूइन व अ‍ॅसिटोन या द्रावकांत ते विरघळते, आणि पाहता पाहता तक्त्याला खड्डा पडतो. हाच गुणधर्म कठीण पॉलिस्टायरीनच्या सैनिकांचे भाग जोडताना उपयोगी पडतो: तेथे द्रावकाने दोन्ही कडा मऊ होऊन परस्परांत मिसळतात, त्यामुळे त्यास चिकटवण्याऐवजी सांधणे म्हणणे योग्य होय. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यानंतर पुठ्ठा व कागदाच्या लगद्याकडे पुन्हा वळणे श्रेयस्कर ठरले आहे. त्यांना पिठाची खळ पुरते. तिला कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीत मोरचूद घालतात, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या कामात वापरू नये.

सायनोअ‍ॅक्रिलेट हे क्षणात चिकटणारे द्रव्य हवेतील आर्द्रतेने घट्ट होते. धातू व रेझिन यांच्या बारीक भागांसाठी ते उत्तम; मात्र त्याने साधा फोम खाल्ला जातो, आणि सुती कापडावर ते सांडल्यास भाजण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. जड धातूच्या भागांसाठी दोन घटकांचे इपॉक्सी वापरतात. गरम गोंदाच्या बंदुकीने झाडे झटपट उभी राहतात. फोमवर कमी तापमानाची बंदूक वापरावी.